दिवंगत काकांना सुरक्षेचं बक्षीस

पाण्याचे मीटर बनवणाऱ्या त्या कारखान्यात अडीच हजार माणसं कामाला होती, आणि त्यांतल्या कोणाला कुठं जाता येईल आणि कुठं नाही, हे एका बाईच्या हातात होतं. हुद्दा म्हणाल तर वरिष्ठ कारकून. जागा म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा पिंप यांच्या मधोमध. डाव्या अंगाला मशीनची गरम हवा, उजव्या अंगाला पिंपाचा ओलावा. नवा माणूस रुजू झाला की त्याचं ओळखपत्र करायचं, कॉम्प्युटरवर त्याला काय काय उघडता येईल ते ठरवून द्यायचं, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं सगळं बंद करून टाकायचं. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. सगळे तिला परवानगीताई म्हणत. काहीजण प्रेमानं म्हणत, बरेचजण दातओठ खात.

ताईकडून जास्तीची परवानगी काढणं सोपं नव्हतंच. विक्रीखात्याचे मुख्य एकदा तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"खरेदीखात्याचे कागद मला दिसायला हवेत."

"कशाला?"

"असावेत म्हणून."

"असावेत म्हणून माझ्याकडे काही मिळत नाही, साहेब. कारण लिहून आणा."

कारण काही त्यांना सुचलं नाही. खुद्द संचालकांचा फॉर्मही तिनं एकदा परत पाठवला होता, कारण त्यावर तारीख नव्हती. घरी तिचा नवरा पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करत बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, "आमच्याकडे साखरेचा डबा उघडायचा तरी मला दोन प्रतींत अर्ज करावा लागतो." डबा बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मात्र तो कोणाला सांगत नसे.

ताईचं खरं बळ फॉर्ममधे नव्हतं. तिला माणसं ठाऊक होती. कोण रजेवर आहे, कोणाची बदली झाली, कोण साहेबांशी भांडून परवापासून तोंड दाखवत नाही, हे तिला कुठं शोधावं लागत नसे. त्यामुळे रजेवरच्या माणसाच्या नावानं कोणी कॉम्प्युटर उघडला, की पाच मिनिटांत तिचा फोन खणखणे, "अहो, ते तर दवाखान्यात आहेत. तिथं कोण बसलंय?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून कंपनीनं ते बदलायचं ठरवलं.

बदलायला एक साहेब आणले. त्यांच्या खोलीच्या दारावरचा हुद्दा दोन ओळींत मावत नव्हता, आणि त्यांच्या तोंडी दर वाक्यात 'बदल' येई, म्हणून कारखान्यानं त्यांचं बारसं आठवडाभरात उरकलं: बदलसाहेब. माणूस दिसायला टापटीप, बोलायला गोड, आणि ऐकायला अजिबात नाही. त्यांनी दोन सॉफ्टवेअर घेतली. पहिलं, कोणाला काय उघडू द्यायचं हे सांभाळणारं. दुसरं, कोण लबाडी करतंय हे हुंगणारं. दोघांची नावं परदेशी आणि जिभेला गाठ मारणारी. ताईनं पहिल्याला नाव ठेवलं दरवान आणि दुसऱ्याला सासू. कारण ते दुसरं दिवसभर एवढंच बघायचं, की ही आज अकराला का आली, रोज तर दहाला येते. हिनं हे कपाट कशाला उघडलं. हिचं तिकडं काय काम. आणि त्यावरून प्रत्येक माणसाला धोक्याचे गुण द्यायचं, शून्य ते शंभर. बदलसाहेबांची करामत म्हणजे त्यांनी दोघांना एकमेकांशी जोडलं. सासूनं नाक मुरडलं की दरवानानं दार लावायचं, मधे माणूस नाही.

"मधे माणूस नाही," हे वाक्य बदलसाहेबांनी पहिल्याच सभेत तीनदा म्हटलं, आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माणसंच होती.

सभेचं निवेदन अर्थातच 'आवाज'नं केलं. आवाज म्हणजे स्टोअर आणि भंगार विभागाचा उपव्यवस्थापक. वय चाळिशीच्या आसपास, गळा असा की त्यानं आगीची सूचना दिली तरी लोकांनी बसून ऐकावी. कंपनीचा कुठलाही समारंभ त्याच्याशिवाय होत नसे. लिफ्टमधे 'कृपया दारापासून दूर राहा' म्हणणारा आवाजही त्याचाच. बदलसाहेबांनी त्याला नव्या कामाचा 'सुरक्षा दूत' नेमला. छातीला निळा बिल्ला लावून तो खात्याखात्यांत फिरे आणि सांगे, "मंडळी, आपला पासवर्ड कोणाला सांगू नका."

जुन्या सिस्टीममधली सगळी नावं नव्या दरवानात आणायचं काम बाहेरच्या सल्लागारांनी केलं. दोन आठवडे ते काचेच्या खोलीत बसले होते. ताईनं त्यांना सव्वीस वर्षांची यादी दिली. प्रत्येक नावापुढं एक रकाना होता: चालू की बंद. सल्लागारांना त्या रकान्याची मांडणी नव्या सिस्टीममधे बसवता येईना. मग त्यांनी तो रकानाच गाळला.

सोमवारी सकाळी ताईनं स्क्रीन उघडली. निवृत्त झालेले, सोडून गेलेले, काढून टाकलेले, सगळे परत कामावर रुजू झाले होते. एकूण दोनशे चौदा. त्यांतले अकराजण तर या जगातही नव्हते. सगळ्यांना दरवानानं 'आपलं स्वागत आहे' असं पत्र पाठवलं होतं, आणि पहिला पासवर्ड म्हणून ज्याचा त्याचा कर्मचारी क्रमांक दिला होता.

ती यादी घेऊन बदलसाहेबांकडे गेली. "साहेब, ही माणसं बंद करायला हवीत. आजच."

त्यांनी यादी हातात न घेता वाचली. "ताई, आपण मंडळाला सत्तावीसशे वापरकर्ते जोडले म्हणून कळवलंय. आता आकडा खाली आला तर कसं दिसेल?"

"त्यातले काही मेलेत, साहेब."

"हो, हो. ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

यादी घेऊन ती परत आली. ही दारं स्वतः लावायची तर दरवानात ती सोय तिला ठेवलेलीच नव्हती. उघडून बघता येई, बंद करता येत नसे. बंद करणं, असं सल्लागारांनी ठरवलं होतं, फार जबाबदारीचं काम आहे.

दीड महिन्यानं तिला फोन आला स्टोअरकाकांच्या बायकोचा. स्टोअरकाका म्हणजे एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. खिशात दोन पेनं आणि एक छोटा लोहचुंबक; पितळ म्हणून कोणी मुलामा दिलेलं लोखंड आणलं तर पकडायला. सहा वर्षांपूर्वी निवृत्तीला चार महिने असताना हृदयविकारानं गेले. काकूंनी त्यांचा मोबाइल चालू ठेवला होता. त्यात नातवाचे फोटो होते आणि काकांनी स्वतःच्या आवाजात म्हटलेली किराणा सामानाची एक यादी होती.

"ताई, तुम्हाला एक विचारू का?" काकू म्हणाल्या. "यांच्या फोनवर ऑफिसातून नंबर येतायत. सहा आकडी. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी, मी जरा पडलेली असते तेव्हाच."

"कसले नंबर?"

"ते तुमच्याकडचे एक गृहस्थ विचारतात ना, फोन करून. काकांची जुनी कागदपत्रं नीट लावायचं काम चाललंय म्हणाले. नंबर सांगितला की त्यांचं काम होतं. फार अदबीनं बोलतात हो. फक्त म्हटलं, अजून किती दिवस चालायचं ते?"

"नाव काय सांगितलं त्यांनी?"

"नाव नाही बाई विचारलं. इतकं गोड बोलतात, की नाव विचारणं बरं नाही वाटलं."

ताईनं फोन ठेवला आणि तिथल्या तिथं स्टोअरकाकांचं खातं उघडलं. काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सव्वादोनला हजर होत होते. स्टोअरमधल्या सामाईक कॉम्प्युटरवर बसत होते. एकच काम करत होते. कारखान्यातून पितळी भंगार बाहेर काढायचं तर गेटपासला दोन वेगळ्या माणसांची मंजुरी लागे, आणि त्यातली दुसरी काका देत होते. पहिली भंगार विभागाच्या खात्यावरून होत होती, तिथं सात माणसं काम करत. गाड्या भरभरून पितळ बाहेर गेलं होतं, दोन मंजुऱ्यांसह, नियमात बसवून. सिस्टीमनं प्रत्येक पासवर हिरवी खूण केली होती.

त्या आठवड्यात ताई जेवणाची सुट्टी सोडून काकांच्या नोंदी चाळत बसली. दीड महिन्याच्या छापून घेतल्या. कोण करतंय ते नोंदींवरून कळेना. शुक्रवारी दुपारी स्वतः स्टोअरमधे जाऊन उभं राहायचं, असं तिनं ठरवलं.

पण सासू तिच्याकडे बघत होती. ही बाई दिवसाला पन्नास-साठ लोकांची खाती उघडते. सगळ्या मजल्यांवर फिरते. जेवायच्या वेळी काम करते. आणि आता आठवडाभर एका सज्जन कर्मचाऱ्याच्या मागं लागलीय.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला ताई नेहमीप्रमाणे कारखान्याच्या पुढच्या दारानं आत आली. तिथं नव्यानं दोन काचेची दारं बसवली होती, एकामागं एक. पहिलं मागं बंद झालं की दुसरं पुढं उघडे. पहिलं उघडलं, ती आत गेली, ते मागं बंद झालं. नेमक्या त्या क्षणी सासूचा हिशेब पूर्ण झाला. सत्त्याण्णव गुण. दुसरं दार उघडलं नाही. पहिलंही उघडेना.

ती काचेच्या त्या खोक्यात उभी राहिली, हातात पर्स आणि डब्याची पिशवी. बाहेरून गेटवरचे मामा धावत आले. बावीस वर्षांची ओळख. त्यांनी दार ओढलं, ढकललं, आपलं कार्ड लावून बघितलं. काचेला तोंड लावून ओरडले, "ताई, घाबरू नका! वरती कळवलंय!"

"मी घाबरले नाही, मामा. मला बाथरूमला जायचंय."

काच जाड होती. "काय?" मामा ओरडले. ताईनं मान हलवली, जाऊ द्या म्हणून.

कामावर येणारे लोक बाजूच्या दारानं जाऊ लागले. जाताना बघत. काहींनी नमस्कार केला, काहींनी नजर चुकवली. विक्रीखात्याचे मुख्य मात्र दोनदा येऊन गेले. अर्ध्या तासानं बदलसाहेब आले, बरोबर दुसऱ्या कंपनीचे चार पाहुणे. ताईला वाटलं, सुटले. साहेब काचेसमोर थांबले आणि पाहुण्यांकडे वळले.

"हे बघा, नशीब आपलं, प्रात्यक्षिकच बघायला मिळालं. ही कर्मचारी आत्ताच धोकादायक ठरलीय. सिस्टीमनं स्वतःहून अडवलं. मधे माणूस नाही."

पाहुण्यांपैकी एकानं फोटो काढला. ताईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळेना, की चेहरा कसा ठेवायचा. पन्नास मिनिटांनी मामांनी एका सुताराला आणून बिजागरी खोलली, तेव्हा ती बाहेर आली.

चौकशी त्याच दुपारी झाली. तीन माणसांची समिती, लांब टेबल, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. ताईपुढं नाही.

"तुम्ही दिवसाला इतकी खाती का उघडता?"

"ते माझं काम आहे."

"पण सिस्टीमला तसं दिसत नाही."

"सिस्टीमला सांगितलं नसेल कोणी."

"स्टोअरकाकांच्या खात्यात तुम्ही आठवडाभर काय शोधत होता?"

ताईनं सगळं सांगितलं. नंबर, काकूंचा फोन, गेटपास, पितळ. छापलेल्या नोंदी टेबलावर ठेवल्या. समितीनं त्या चाळल्या नाहीत. छापून घेणं हाच एक वेगळा ठपका होता, तो त्यांनी लिहून घेतला.

"ताई," मधले साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकांचे धोक्याचे गुण आहेत तीन. अख्ख्या कंपनीत सगळ्यात कमी. कधी चुकीचा पासवर्ड नाही, कधी भलतं पत्र उघडलं नाही, कधी ठरलेली वेळ चुकली नाही. तुमचे आहेत सत्त्याण्णव. आता आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?"

"अहो, ते गेलेत! सहा वर्षं झाली. तुम्ही स्वतः शोकसभेत बोलला होतात, साहेब. 'कारखान्याचा कणा गेला' म्हणाला होतात."

साहेबांनी आठवून बघितलं. आठवलंही असावं, कारण चेहरा जरा पडला. मग ते स्क्रीनकडे वळले. "म्हणालो असेन. पण इथं तर ते मंगळवारी हजर आहेत."

ताईला घरी बसवलं, पुढचं पत्र मिळेपर्यंत.

घरी बसणं तिला येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याची सुयांची खोकी आकारानं लावली. पाचव्या दिवशी नवऱ्यानं मशीनचं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, तू चोर नाहीस हे मला ठाऊक आहे. पण माझं तेलाचं डबडं कुठं ठेवलंस ते सांग, नाहीतर मीही तुझी चौकशी लावीन." ती हसली, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. नवरा हातातला पाना घेऊन तसाच तिच्याजवळ बसून राहिला. त्याला असल्या वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे, आणि ते एका परीनं बरंच होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी काकूंचा पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, यांना बक्षीस मिळणार आहे हो! कंपनीचं पत्र आलंय. 'सर्वांत सुरक्षित कर्मचारी' म्हणून पहिल्या तिघांत नाव आहे. सहकुटुंब यावं, असं लिहिलंय. मला वाटलंच होतं, कधीतरी त्यांची आठवण काढतील."

पत्र सिस्टीमनंच काढलं होतं, उघड होतं. कमी गुणांच्या तिघांना पत्रं आपोआप, जुन्या पत्त्यावर, टपालानं. मधे माणूस नाही. त्या भोळ्या बाईला आत्ताच्या आत्ता खरं सांगावं का? सांगायलाच हवं होतं, आणि हे पुढं तिला बरेच दिवस खुपत राहिलं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "काकू, आपण जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

समारंभ कारखान्याच्या सभागृहात होता, सकाळी अकराला. कर्मचाऱ्यांच्या दारावर सासू आणि दरवान जोडीनं बसले होते. पाहुण्यांसाठी बाजूचं दार होतं, ते सारखं आपटतं म्हणून कुंडी लावून उघडं ठेवलेलं, आणि तिथं मामा वही घेऊन. त्यांनी काकूंचं नाव लिहिलं, मग ताईकडे बघितलं.

"यांचं नातं काय लिहू?"

"भाची," काकू म्हणाल्या. कुणी शिकवलं नव्हतं.

"भाची," मामांनी लिहिलं. "जा आत, भाची. पाचवी रांग मोकळी आहे."

आवाज फॉर्मात होता. गळ्यात मोत्यासारखे शब्द, छातीवर निळा बिल्ला. बदलसाहेब बोलले, मंडळाचे अध्यक्ष बोलले. मग आवाजानं जाहीर केलं, "आणि आता तो क्षण! निवड कोणा परीक्षकानं केलेली नाही. निवड केलीय आपल्या सिस्टीमनं, आणि निकाल आपण सगळे एकत्रच बघणार आहोत, थेट पडद्यावर!"

पडद्यावर नावं गरगर फिरली आणि थांबली. स्टोअरकाकांचं नाव, कर्मचारी क्रमांक, आणि सहा वर्षांपूर्वीचा ओळखपत्रावरचा फोटो, खिशातल्या दोन पेनांसकट.

जुन्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. नव्या लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आवाजाचा आवाज कामावर लागल्यापासून पहिल्यांदा फुटला. "हे... हे विजेते आज उपस्थित नसल्यामुळे आपण पुढच्या..."

"मी आलेय ना!" काकू उठल्या. "मी त्यांची बायको!"

त्या पायऱ्या चढल्या, ताई त्यांच्या कोपराला धरून. अध्यक्षांनी हसून ढाल पुढं केली आणि विचारलं, "स्वतः नाही आले?"

"ते गेले हो. सहा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. समोर माइक होता.

अध्यक्षांच्या हातात ढाल तशीच राहिली. ताईला याच क्षणासाठी इथं यायचं होतं. पुढचं वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं. पण ते बोलायची वेळच आली नाही. बाजूला आवाज घाईघाईनं म्हणत होता, "आपण या थोर कर्मचाऱ्याच्या स्मृतीस..." आणि काकू त्याच्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, ताई, हेच ते! हाच आवाज! काय हो, काल शुक्रवार होता, नंबर आला होता, पण तुमचा फोनच नाही आला. मी लिहून ठेवलाय. आणलाय बरोबर. आता सांगू का?"

आणि पर्समधून त्यांनी चिठ्ठी काढली.

आवाजाला त्या क्षणी हजार गोष्टी बोलता आल्या असत्या. ओळखत नाही म्हणता आलं असतं. पण जीभ सवयीची गुलाम. अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा त्या मधाळ स्वरात, माइकवर, तो म्हणाला, "काकू, आपण फोनवर बोलू ना."

पाचव्या रांगेतून कोणाचीतरी पाण्याची बाटली पडून घरंगळत स्टेजपर्यंत आली. बदलसाहेब पडद्याकडे बघत होते, तो बंद कसा करायचा या विवंचनेत. पडद्यावर काकांखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: धोका, नगण्य.

परतताना रिक्षात काकू कडेला बसल्या होत्या. ढाल मांडीवर होती. ती परत घ्यायचं भान कोणाला राहिलं नव्हतं.

"म्हणजे यांच्या नावानं चोरी झाली," त्या म्हणाल्या. "आणि नंबर मी दिले."

"तुम्हाला फसवलं, काकू."

"अहो, ते स्क्रूसुद्धा मोजून घ्यायचे. घरी कधी टाचणी आणली नाही त्यांनी." मग थोड्या वेळानं, ताईकडे न बघता, "तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

ताईनं मान खाली घातली. "हो."

"मला सांगायला हवं होतं. मी नवी साडी नेसले हो, बक्षीस मिळणार म्हणून."

पुढं आठवडाभर ताई रोज संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसली. चौथ्या दिवशी काकूंनी दोन कप चहा केला. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या एका भाच्याकडून तो फोन नीट बघून घेतला, फोटो आणि ती यादी दुसरीकडं उतरवली, आणि काकांचा नंबर आपल्या हातानं बंद केला.

आवाज पोलिसांच्या ताब्यात गेला. स्टोअरचा सामाईक कॉम्प्युटर, गेटपास, गाडीवाल्याचा जबाब, सगळं जुळलं. ताईनं छापलेल्या नोंदी आता पुरावा म्हणून लागल्या; छापल्याचा ठपका मात्र तिच्या फाइलमधे तसाच राहिला, कारण तो काढायचा फॉर्म अजून तयार झालेला नव्हता. तिला परत बोलावणारं पत्र आलं, त्यात 'संशयाचा फायदा देऊन' असे शब्द होते. ताईनं त्याखाली लाल पेनानं रेघ मारली आणि पत्र परत पाठवलं. "फायदा नको. चूक झाली म्हणून लिहा." तीन आठवडे घासाघीस चालली. शेवटी त्यांनी लिहिलं. सत्त्याण्णव गुण मात्र कोणाला एकदम उतरवता येईनात. सासू दिवसाला एकच गुण माफ करी. त्यामुळे पुढं दोन महिने ताई कारखान्यात मालाच्या गाड्यांच्या फाटकातून येत राहिली आणि मामा रोज तिला हातानं फाटक उघडून देत.

बदलसाहेबांचं काय झालं, असं कोणालाही वाटेल. त्यांनी या प्रकरणावर एक मोठा लेख लिहिला. 'जोडलेल्या सिस्टीमनं पकडलेली अंतर्गत लबाडी', असं त्याचं नाव. तो वाचून दाखवायला ते दोन ठिकाणी जाऊन आले. लेखात काकू नव्हत्या, ताई नव्हती. सिस्टीमनं मृत कर्मचाऱ्याचं नाव 'जाणीवपूर्वक सार्वजनिकरीत्या पुढं आणलं', असं त्यात होतं.

ताईनं परत येताना दोनच अटी घातल्या. बंद करायचा अधिकार तिच्याकडे हवा, आणि माणूस नोकरी सोडताना सहीचा कागद तिच्या टेबलावर हवा. त्या माणसाला जाताना डोळ्यांनी बघितलेल्या कोणाची तरी सही. यावर तीन बैठका झाल्या. मंजुरी मिळाली, आणि या व्यवस्थेला 'मानवी पडताळणी स्तर' असं भारदस्त नाव मिळालं. ताईनं दोन दिवसांत दोनशे चौदा नावं बंद केली. अकरा नावांपाशी ती जरा थांबली, एवढंच.

वर्षअखेरीस तिच्या टेबलावर जे कागद आले त्यात बदलसाहेबांचा राजीनामा होता. त्यांना कुठंतरी याहून मोठ्या कंपनीत याहून मोठा हुद्दा मिळाला होता. कागदावर त्यांनी घाईत शेवटच्या दिवसाची तारीख कालची टाकली होती. खाली 'काल संध्याकाळी जाताना बघितलं' म्हणून मामांची सहीही होती. ताईनं तारीख दोनदा वाचली आणि सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचं खातं बंद केलं.

सव्वादहाला ते धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर आले. "ताई, माझं सगळं आत अडकलंय! दुपारी निरोपाच्या सभेत दाखवायच्या चित्रफिती, नव्या कंपनीला द्यायची कागदपत्रं..."

"तुम्ही काल नोकरी सोडलीत, साहेब. सही तुमचीच आहे."

"अहो, ती चूक आहे लिहिण्यातली. मी इथं तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते दिसतंय मला," ताई म्हणाली.

तिनं त्यांना उभं ठेवलं नाही. खुर्ची दिली, कोरा फॉर्म दिला, पेन दिलं. ते लिहीत असताना पिंपातून ग्लासभर पाणी आणून ठेवलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'तातडीचे' असं लिहिलं. ताईनं ते खोडून 'तारीख चुकली' असं लिहायला लावलं, मग दहा मिनिटांसाठी त्यांचं खातं उघडलं आणि घड्याळ बघत त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिली. नऊ मिनिटांत त्यांचं काम झालं. उरलेलं एक मिनिट ते निरोपाच्या सभेत ताईबद्दल काय बोलणार आहेत ते सांगत होते. ताई ऐकत होती. मिनिट संपलं तसं तिनं वाकून बटण दाबलं.